‘ऊन’ या शब्दाची अर्थकक्षा आणि उन्हाविषयीचा कौटुंबिक आरोग्योपदेश

१

उन्हाळ्याच्या तोंडावर मराठीत जी आरोग्यविषयक सूचनापत्रके निघतात त्यांत ‘दुपारच्या उन्हात जाणे टाळावे’ हे वाक्य बहुधा असतेच. बालरोगचिकित्सक मात्र हाडांच्या बळकटीसाठी मुलांना ऊन मिळू द्यावे असे सांगतात. नेत्रचिकित्सक मुलांनी घराबाहेर उजेडात खेळावे म्हणतात, तर त्वचारोगचिकित्सक उन्हापासून कातडीचे रक्षण करण्यास बजावतात. हे चारही सल्ले आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु ते ज्या घरात एकाच वेळी जाऊन पोचतात तेथील आईपुढे व आजीपुढे मोठाच पेच उभा राहतो. ऊन घ्यावे की टाळावे?

या पेचातून बाहेर पडण्यासाठी कुटुंबांनी एक सोपे सूत्र पूर्वीपासून जवळ केले आहे: कोवळे ऊन चांगले, कडक ऊन वाईट. हे सूत्र ऐकावयास निर्दोष वाटते. पण ते निम्मेच खरे आहे. त्याचे उरलेले निम्मे कोठे हरवले याचा शोध घेऊ लागल्यास वैद्यकाइतकेच भाषेकडेही पाहावे लागते. एका शब्दाच्या पोटात किती निरनिराळ्या गोष्टी सामावल्या आहेत, हे कळल्यावाचून त्या शब्दाने दिलेला उपदेश नेमका होत नाही. प्रस्तुत लेखात ‘ऊन’ या शब्दाची अर्थकक्षा तपासून, उन्हासंबंधीचा आरोग्योपदेश मराठीत कोणत्या शब्दांनी करावा याचा विचार केला आहे.

२

‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’ या विशेषणापासून प्राकृत ‘उण्ह’ या रूपाच्या द्वारे मराठीत आला. ‘उन्हात’, ‘उन्हाने’ या सामान्यरूपांत आणि ‘उष्णकाल’ यापासून झालेल्या ‘उन्हाळा’ या शब्दात प्राकृतातील हकार अद्याप टिकून आहे. मूळ विशेषणाचा अर्थही मराठीने सोडलेला नाही. ‘ऊन पाणी’, ‘ऊनऊन भात’ या प्रयोगांत सूर्याचा काही संबंध नाही. तेथे ‘ऊन’ म्हणजे केवळ गरम. तात्पर्य, सूर्यापासून जे काही भूमीवर येते त्याला मराठीने जे नाव दिले ते त्याच्या तेजावरून नव्हे, तर त्याच्या उष्णतेवरून दिले.

शेजारच्या भाषांकडे पाहिले असता हा विचार मराठीपुरता नाही असे आढळते. कन्नडात उन्हास ‘बिसिलु’ म्हणतात आणि ‘बिसि’ म्हणजे गरम. नेपाळीतील ‘घाम’ हा शब्द सूर्य व ऊन यांचा वाचक आहे. तो संस्कृत ‘घर्म’ म्हणजे उष्णता या शब्दापासून निघाला. मराठीत त्याच ‘घर्मा’चा ‘घाम’ झाला, पण येथे तो उष्णतेच्या कारणाऐवजी तिच्या कार्याकडे, अंगावरील स्वेदाकडे वळला. बंगालीतील ‘रौद्र’ हा ऊन या अर्थाचा शब्द उग्रतेवरून आलेला आहे. हिंदीतील ‘धूप’ मराठी माणसास देवघराची आठवण करून देतो, उन्हाची नव्हे. इतक्या भाषांत इतकी विविधता असूनही, अंगाला काय जाणवते यावरून उन्हास ओळखण्याची प्रवृत्ती वारंवार दिसते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

‘ऊन’ या शब्दाभोवती मराठीने जो परिवार जमविला आहे तो फार समृद्ध आहे. ऊन कोवळे असते, कडक असते, रणरणते असते. त्याचा चटका बसतो, त्याची झळ लागते. छपरातील भोकातून आत पडलेल्या उन्हाच्या ठिपक्यास ‘कवडसा’ आणि तिरप्या किरणास ‘तिरीप’ हे स्वतंत्र शब्द आहेत. सायंकाळी ‘उन्हे उतरतात’, आणि तेथे हा एरवी एकवचनी असणारा शब्द अनेकवचनी होतो. गाद्यांना व धान्याला ‘ऊन दाखवतात’; माणूस मात्र थंडीत ‘ऊन खातो’. या परिवारातील विशेषणे व क्रियापदे लावून पाहिली तर ती दोन गटांत पडतात. एका गटात उष्णतेची प्रत आहे आणि दुसऱ्यात उजेडाचा आकार किंवा उताराची दिशा आहे. जे अंगाला कळत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, असे उन्हात काही असू शकते याची खूण या परिवारात जवळजवळ नाही.

‘जवळजवळ’ म्हणावयाचे कारण एकच क्रियापद आहे, आणि ते म्हणजे ‘रापणे’. शेतात राबून माणूस ‘रापतो’. वर्षानुवर्षे उन्हावाऱ्यात राहिल्याने कातडीवर जो सावकाश, न दुखणारा, पण टिकणारा परिणाम होतो तो या शब्दाने अचूक पकडला आहे. त्याचा उपयोग पुढे दिसेल.

३

ज्यास मराठी एका शब्दाने ऊन म्हणते त्यात निदान तीन घटक आहेत, हे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले. १८०० साली विल्यम हर्शेल याने लोलकातून पाडलेल्या वर्णपटात तापमापके ठेवली असता तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही तेथेही, पारा चढलेला त्यास आढळला. पुढच्याच वर्षी, १८०१ साली, योहान विल्हेल्म रिटर याने वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाकडे सिल्व्हर क्लोराइड ठेवले, तेव्हा जांभळ्या रंगाच्या पलीकडील अंधारातच ते सर्वांत लवकर काळे पडले. अशा रीतीने दृश्य प्रकाशाच्या एका बाजूस अवरक्त आणि दुसऱ्या बाजूस अतिनील अशी अदृश्य प्रारणे आहेत हे सिद्ध झाले.

या घटकांचा मनुष्यशरीराशी येणारा संबंध भिन्न आहे. अतिनील प्रारणाचे उदाहरण मुडदुसाचे. पोलंडमधील वैद्य येंद्झेय श्न्यादेत्स्की याने १८२२ साली नोंदविले की, वॉर्साच्या दाट वस्तीतील मुलांत मुडदूस फार दिसतो, खेड्यांतील मुलांत तो क्वचित आढळतो. आणि त्याचा संबंध त्याने उन्हाशी लावला. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील प्रकाश देऊन मुडदूस झालेली मुले बरी केली. त्या मुलांना सूर्याची ऊब मिळाली नव्हती; तरी त्यांची हाडे सुधारली. कातडीत ड-जीवनसत्त्व तयार होण्यास उष्णतेची नव्हे, तर अतिनील प्रारणातील सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर या पट्ट्याची गरज असते. हाच पट्टा कातडी भाजण्यासही मुख्यतः कारण होतो.

दृश्य प्रकाशाचे उदाहरण नवजात बालकांच्या काविळीचे. इंग्लंडमधील रॉचफोर्ड येथील रुग्णालयात उन्हात नेलेल्या बालकांची कांती कमी पिवळी दिसते हे एका परिचारिकेच्या लक्षात आले. त्या निरीक्षणावर आधारलेले संशोधन १९५८ साली प्रसिद्ध झाले व त्यातून प्रकाशोपचाराचा जन्म झाला. तेथे काम करणारा भाग निळ्या रंगाचा दृश्य प्रकाश होय. बालकांच्या दृष्टीच्या बाबतीतही उजेडाचेच महत्त्व आढळते. चीनमधील ग्वांगझो येथे शाळकरी मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक घराबाहेर नेण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्या मुलांमध्ये लघुदृष्टीचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. हा लाभ झाडाच्या सावलीतही मिळू शकतो, कारण बाहेरचा सावलीतील उजेडही खोलीतील उजेडाच्या कितीतरी पट असतो.

तिसरा घटक उष्णतेचा. त्याचा अतिरेक घातक आहे, हे सांगावयास नको.

आता ‘कोवळे ऊन चांगले’ या सूत्राकडे परत पाहावे. सूर्य क्षितिजाजवळ असता त्याच्या किरणांना वातावरणातून तिरपा व लांबचा प्रवास करावा लागतो. त्या प्रवासात ओझोनच्या थरामुळे वर सांगितलेला अतिनील पट्टा बहुतांशी शोषला जातो. त्यामुळे कोवळ्या उन्हात ऊब असते, उजेड असतो, झोपेजागेपणाचे चक्र मार्गी लावण्याचा गुणही असतो. पण ड-जीवनसत्त्व निर्माण करण्याची शक्ती अल्प असते. तिरुपती येथे झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही निर्मिती सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात सर्वाधिक आढळली. खिडकीच्या बंद काचेतून येणाऱ्या कवडशात तर तो पट्टा जवळजवळ नसतोच, कारण साधी काच त्यास अडविते. ज्या घरात बाळाला रोज सकाळी सातच्या उन्हात नेऊन हाडांची काळजी मिटली असे मानले जाते, तेथे शब्दाने दिलेला दिलासा शरीराला मिळालेला नसतो. भारतातील सर्व वयोगटांत, भरपूर ऊन असताही, ड-जीवनसत्त्वाची उणीव विपुल आढळते; त्याच्या अनेक कारणांत हे एक आहे.

४

शास्त्राने तीन घटक वेगळे केले, पण त्यांची नावे घरापर्यंत पोचली नाहीत. मराठीत या प्रारणास दोन संज्ञा आहेत. मराठी विश्वकोशाने ‘जंबुपार’ ही संज्ञा वापरली. जांभळ्याच्या पलीकडील असा तिचा नेमका अर्थ आहे. शालेय व वृत्तपत्रीय लेखनात ‘अतिनील’ रूढ झाली. तीत ‘अति’ हे उपपद ‘पलीकडे’ या अर्थी योजले असले तरी बोलीतील ‘अति’ म्हणजे ‘फार’, आणि म्हणून फार निळा असा काही किरण दिसत असावा, असा समज होण्याचा संभव आहे. संज्ञा कोणतीही घेतली तरी मुख्य अडचण कायम राहते: ज्याचा अनुभव येत नाही त्याचे नुसते नाव शिकवून वर्तन बदलत नाही.

भाषा विचारास जखडून टाकते, असा टोकाचा सिद्धान्त येथे मांडावयाचा नाही. ज्यांच्या भाषेत उन्हाचे नाव उष्णतेवरून पडले त्यांना अतिनील प्रारण समजणारच नाही, असे म्हणणे चुकीचे होईल. इतकेच म्हणता येते की, शब्द लक्ष कोठे वळवावयाचे ते ठरवितो. ‘ऊन’ या शब्दाने लक्ष कातडीला जाणवणाऱ्या तापाकडे जाते. आणि म्हणून थंड हवेतील ऊन निरुपद्रवी व गरम हवेतील ऊन उपद्रवी असा निर्णय आपोआप होतो.

महाबळेश्वरचे उदाहरण घ्यावे. ते सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीस अतिनील प्रारण सुमारे दहा ते बारा टक्क्यांनी वाढते. तेथे हवा गार, वारा सुखद. ऊन ‘लागत’ नाही. पण सहलीस गेलेल्या मुलांच्या कातडीवर व डोळ्यांवर पडणारे प्रारण मुंबईपेक्षा अधिकच असते. कोकणच्या किनाऱ्यावरही पाण्यात खेळणाऱ्या मुलाला गारवा वाटतो. परंतु समुद्राचा फेस सुमारे पंचवीस टक्के व कोरडी वाळू सुमारे पंधरा टक्के अतिनील प्रारण परावर्तित करते, आणि विरळ ढग त्यास फारसे अडवीत नाहीत.

५

परदेशी उपदेश जसाच्या तसा आणूनही हा प्रश्न सुटत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम निघाली. सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा, एवढाच तिचा आशय. पण तीन अनुप्रासयुक्त क्रियापदांमुळे ती मुलांच्याही तोंडी बसली. तेथील वस्तीत गोऱ्या कातडीची माणसे बहुसंख्य आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे. तेव्हा तो उपदेश तेथे यथार्थच होता. परंतु सावळ्या व काळ्या कातडीतील कृष्णरंजक द्रव्य अतिनील प्रारणास बऱ्याच अंशी अडविते. त्यामुळे भारतात त्वचेचा कर्करोग तुलनेने विरळ आहे, आणि त्याच कारणाने ड-जीवनसत्त्व तयार होण्यास अधिक वेळ उन्हात राहावे लागते. डोळ्यांना मात्र कातडीच्या रंगाचा असा आधार नाही. मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील प्रारण मोडते. ऑस्ट्रेलियातही हा भेद आता मान्य झाला आहे. तेथील प्रौढांसाठी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित निवेदनात कातडीच्या वर्णानुसार लोकांचे तीन गट करून प्रत्येकास निराळा सल्ला दिला आहे.

मलम लावण्यावर भर देणारा उपदेश जसाच्या तसा उतरविल्यास महाराष्ट्रातील कुटुंबास नको तेथे खर्च व नको तेवढे भय मात्र मिळेल. डोक्यापासून बोटांपर्यंत स्कार्फ व सनकोटात गुंडाळून दुचाकीवरून जाणाऱ्या शहरातील तरुणी, आणि साडीवर पुरुषी सदरा चढवून शेतात खुरपणाऱ्या स्त्रिया, दोघीही उन्हापासून रक्षण करतात. पण पहिलीचा उरलेला दिवस छपराखाली जातो व दुसरीचा सबंध दिवस आभाळाखाली. दोघींना एकच सल्ला देणे न्याय्य नव्हे.

६

मग जे जाणवत नाही ते कुटुंबाने मोजावे कसे? जागतिक आरोग्य संघटनेने व सहयोगी संस्थांनी ‘अतिनील निर्देशांक’ ठरविला आहे. तो ३ किंवा अधिक असता संरक्षण घ्यावे, ८ च्या पुढे विशेष काळजी घ्यावी आणि ११ व त्यापुढे तो अतितीव्र मानावा, असा संकेत आहे. हा आकडा उपयुक्त आहे, परंतु तो रोज पाहण्याची सवय थोड्यांनाच असते. वृत्तपत्रांत येणारे कमाल तापमान हे या कामी निरुपयोगी; ते सावलीत ठेवलेल्या तापमापकाचे असते आणि त्याचा अतिनील प्रारणाशी थेट संबंध नसतो.

यापेक्षा सोपे माप मराठीच्या व्यवहारात पूर्वीपासून आहे, आणि ते म्हणजे सावली. ‘सावली पायाखाली आली’ असे म्हणून माध्यान्ह ओळखण्याची रीत घड्याळाहून जुनी आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असता माणसाची सावली त्याच्या उंचीइतकी पडते. सावली उंचीहून लांब असेल तर अतिनील प्रारण सामान्यतः मंद, आखूड असेल तर प्रखर, हा नियम लहान मुलासही अंगणात उभे राहून पडताळता येतो. घड्याळाचा नियम असा सर्वत्र लागू पडत नाही. मुंबईस खरी माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आगेमागे होते आणि नागपुरास ती त्याआधी सुमारे पंचवीस मिनिटे.

हे माप लावले की एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेस असतानाही, पाच फूट उंचीच्या व्यक्तीची माध्यान्हीची सावली मुंबईस सुमारे साडेचार फूट पडते. नागपुरास ती पाच फुटांहून किंचित कमी. लंडनमध्ये त्याच दिवशी ती साडेअठरा फुटांच्या आसपास जाते आणि मेलबर्नच्या ऐन हिवाळ्यात, जूनमध्ये, सुमारे नऊ फूट. याचा अर्थ असा की, मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणी वर्षातील एकही माध्यान्ह अशी नाही की जिच्यात सावली उंचीहून लांब असते. येथील पौषातले ऊन अंगाला सौम्य वाटते, पण ते कामाचे ऊन असते. हाडांसाठी ऊन घ्यावयाचे तर तेच दिवस सर्वांत अनुकूल, कारण तेव्हा उष्णतेचे भय नसते. उलट मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्यास सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. तेव्हा ताप व अतिनील प्रारण हे दोन्ही धोके एकत्र येतात.

७

उष्णतेच्या बाबतीत भाषेचा दुसरा एक फसवा प्रयोग विचारात घ्यावयास हवा. ‘त्याला ऊन लागले’ या वाक्यात ‘भूक लागणे’, ‘थंडी लागणे’ यांप्रमाणेच अनुभव घेणारा चतुर्थीत येतो. या प्रयोगाची कक्षा फार रुंद आहे: डोके किंचित दुखण्यापासून प्राण जाण्यापर्यंत. ‘उष्माघात’ हा संस्कृतोद्भव शब्द फक्त शेवटच्या टोकाला लागतो, आणि तो ऐकेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. शिवाय ‘ऊन लागणे’ या शब्दांत ऊन हे कारण गृहीत असल्याने, सावलीत असणाऱ्यास धोका नाही असा समज दृढ होतो. वास्तविक पत्र्याच्या छपराखालील बंद खोलीत, उन्हाचा एकही किरण अंगावर न पडता, वृद्धांस व तान्ह्या मुलांस उष्माघात होऊ शकतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या राज्य पुरस्काराच्या समारंभानंतर दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. विदर्भातील माणसास हा आकडा किरकोळ वाटेल. पण किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराची ताप बाहेर टाकण्याची वाट बंद होते. म्हणूनच हवामानखात्याने उष्णतेच्या लाटेच्या विचारासाठी मैदानी प्रदेशात ४० अंश, तर किनाऱ्यावर ३७ अंश ही मर्यादा ठरविली आहे. आकड्यापेक्षा लक्षणे सांगणे येथे अधिक हिताचे: बोलणे असंबद्ध होणे, शुद्ध हरपू लागणे, अंग अतिशय तापणे. अशा वेळी ‘ऊन लागले आहे, थोडा वेळ पडू दे’ म्हणणे घातक आहे. अंगावर पाणी घालून, वारा घालून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

८

वरील विवेचनावरून असे सुचविता येते की, मराठी आरोग्योपदेशात ‘ऊन’ हा शब्द एकटा योजू नये. त्यास भाषेतीलच दोन क्रियापदांची जोड द्यावी: ‘तापवणारे ऊन’ आणि ‘रापवणारे ऊन’. पहिले अंगाला कळते. दुसरे कळत नाही, ते सावलीवरून ओळखावे लागते. ‘रापवणे’ हे प्रयोजक रूप विरळ असले तरी नियमानुसार सिद्ध होणारे आहे आणि त्याचा अर्थ कोणासही पुसावा लागत नाही. तिसऱ्या घटकास ‘उजेड’ हा जुना शब्द पुरेसा आहे. ही विभागणी स्वीकारल्यास कुटुंबासाठी पुढील प्रकारची वाक्ये करता येतील.

सावली उंचीहून आखूड असेल तेव्हा ऊन रापवणारे असते, मग हवा गार असो वा गरम. हाडांसाठी ऊन घ्यावयाचे ते याच वेळी, हातपाय उघडे ठेवून, थोडा वेळ, कातडी लाल होण्यापूर्वी. आणि शक्यतो थंडीच्या दिवसांत. उन्हाळ्यात दुपार टाळून, सावली उंचीइतकी होऊ लागते तेवढ्यात हे उरकावे. सहा महिन्यांच्या आतील बाळास थेट उन्हात ठेवू नये. त्याच्या ड-जीवनसत्त्वाची सोय चिकित्सकाच्या सल्ल्याने थेंबांनी करावी, आणि कावीळ असल्यास उन्हावर विसंबू नये. मुलांनी उजेडात भरपूर खेळावे. आखूड सावलीच्या वेळी झाडाखाली खेळावे व डोक्यावर टोपी असावी. दिवसभर आभाळाखाली राबणाऱ्यांनी डोके, मान व डोळे झाकावेत. तापवणाऱ्या उन्हाच्या दिवसांत घरातील म्हाताऱ्या माणसांची चौकशी दुपारी करावी, कारण ती उन्हात नसली तरी तापात असतात.

या वाक्यांत नवी अशी एकही संज्ञा नाही. ‘हे केस उन्हात पांढरे झाले नाहीत’ असे वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा ऊन माणसास बदलते पण शिकवीत नाही असे त्या म्हणीत गृहीत असते. उन्हाविषयी शिकविण्याचे काम शेवटी भाषेलाच करावे लागते. मराठीच्या विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या बोलींतील उन्हाचे शब्द गोळा केले, आणि आरोग्यपत्रके लिहिणाऱ्यांनी ते विचारून घेतले, तर त्या संग्रहाचा उपयोग कोशापुरता मर्यादित राहणार नाही.